नसा शोधायचं मशीन

पुण्याच्या कडेला धायरीत पाण्याचा टँकर आला की आख्खी आळी पाइप घेऊन रस्त्यावर येते, आणि त्या गलक्यात सगळ्यांच्या वर चढतो तो यमुनाबाईंचा आवाज. "ए बाबा, पाइप हिकडं वढ की जरा! आमच्या घरात पोटुशी बाई हाय!"

पोटुशी बाई म्हणजे त्यांची सून नम्रता. चौथा महिना सरत आलेला. सासूच्या तोंडून असं ऐकलं की शेजारणींना वाटे, काय हे कौतुक! नम्रतालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मग एकदा भिजवलेले बदाम सोलून हातावर ठेवताना यमुनाबाई म्हणाल्या, "खा, खा. ह्या बारीला तरी पोरगा दे म्हंजी झालं." तेव्हापासून तिला बदाम गिळेनासे झाले.

त्या घरात तिला एकच आधार होता, तो सासऱ्यांचा. रंगरावांना सगळी धायरी आबा म्हणते. एके काळी ज्वारी-हरभरा काढणारा हा माणूस. रस्त्याकडेच्या वावरात इमारत उभी राहिली तरी धोतर आणि टोपी सुटली नाही. नम्रताने लग्नानंतर पतसंस्थेतली नोकरी चालू ठेवली तेव्हा यमुनाबाईंनी चार दिवस अबोला धरला होता. आबा एवढंच म्हणाले, "करू दे की. शिकल्याली पोर हाय." विषय संपला. नात मुक्ताई तर त्यांच्या खांद्यावरून उतरायचीच नाही. तिच्या वेण्या तेच घालत, वाकड्यातिकड्या, आणि बालवाडीत सोडायला तेच जात. अशा माणसावर सुनेने जीव टाकावा यात नवल ते काय?

त्या सकाळीही टँकर आला, भांडणं झाली, आबांनी मुक्ताईला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि निघाले. तिला बालवाडीत सोडून परत येताना घराजवळच्या वळणावर घात झाला. पाइपलाइनसाठी रस्ता उकरलेला, खडीचा ढीग तसाच टाकून दिलेला. स्कूटर घसरली आणि आबा छातीवर आपटले ते थेट कडेच्या दगडावर. डाव्या बाजूच्या बरगड्या एकामागून एक मोडल्या. नशीब म्हणायचं की पोर गाडीवर नव्हती.

लोकांनी उचलून जवळच्याच हॉस्पिटलात नेलं. हे हॉस्पिटल आबांच्याच इमारतीत होतं, त्यांच्याच भाडेकरूचं. डॉक्टर आमोद हे त्याचे मालक. माणूस हुशार, गोडबोल्या, आणि घरमालकापुढे जरा जास्तच गोडबोल्या. त्यांनी स्वतः धावपळ करून आबांना आयसीयूत घेतलं आणि भूलतज्ज्ञ कल्याणी मॅडमना फोन लावला.

ही कल्याणी मॅडम म्हणजे अस्सल पेठेतली बाई. बारीक चण, मोठा चष्मा, बोलणं तिरकस. तीन-चार हॉस्पिटलांत फिरून काम करायची. तिने आबांना पाहिलं, एक्स-रे पाहिला आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिघांपुढे येऊन उभी राहिली.

"आजोबांना बरगड्या मारणार नाहीत, दुखणं मारेल," ती म्हणाली. "दुखतंय म्हणून ते खोकत नाहीत. खोकत नाहीत म्हणून कफ साठणार. कफ साठला की न्यूमोनिया, आणि मग व्हेंटिलेटर. या वयात त्यावर चढवणं सोपं असतं, उतरवणं नाही."

"मग स्ट्राँग पेनकिलर द्या ना मॅडम," नम्रताचा नवरा दत्तप्रसाद म्हणाला.

"देते की. गाढ झोपतील आणि श्वास घ्यायचाच विसरतील. चालेल?"

नम्रताने हळूच विचारलं, "पाठीत इंजेक्शन देतात ना, सिझरला देतात तसं?"

"विचारलंत ते बरं केलंत. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. कण्यात रक्त साकळलं तर पाय जातील. म्हणून बरगड्यांकडे जाणाऱ्या नसा जिथून निघतात, त्याच्या जरा बाहेर, पाठीच्या स्नायूखाली एक बारीक नळी ठेवायची. तिच्यातून औषध जात राहतं आणि तेवढीच बाजू बधिर होते. पण अंदाजाने सुई घातली तर फुफ्फुसाला भोक पडेल. म्हणून मशीन लागतं. आत बघत बघत सुई न्यायची."

आबांना बसतं करून पुढे वाकवून धरायला कुणीतरी हवं होतं. दत्तप्रसाद पुढे झाला, पण सुई बघूनच पांढराफटक पडला आणि स्टुलावर टेकला. मग नम्रताने आबांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिच्यासमोरच ते मशीन होतं, चाकांच्या गाड्यावर ठेवलेलं, लॅपटॉपएवढं. मॅडमनी चपट्या तोंडाचा प्रोब पाठीवर ठेवला आणि पडद्यावर करड्या रंगाचे थर दिसू लागले. "हा स्नायू. हे खालचं हाड. ही चकाकणारी रेघ सरकतेय ना, ते फुफ्फुस. तिच्या वाटेला जायचं नाही," मॅडम बोलत होत्या, आणि एका बाजूने सुई पांढऱ्या रेघेसारखी आत शिरत होती. हाडाला टेकली, थांबली. औषध सोडलं तसा स्नायू अलगद वर उचलला गेला.

थोड्या वेळाने नम्रताच्या खांद्यावरचं ओझं सैल झालं. आबांनी सकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि दणक्यात खोकले. नम्रताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

देवाने माणसाला काय बुद्धी दिली आहे! आत न शिरता आतलं दिसतं, मरणाच्या दारात असलेल्या म्हाताऱ्याची नेमकी नस सापडते, त्याचं दुखणं तेवढंच उचलून बाजूला ठेवता येतं. आणि त्याच माणसाला देवाने अक्कल किती दिली, तेही लगेच कळलं. कारण काचेपलीकडे उभ्या असलेल्या यमुनाबाईंनी नवऱ्याचा श्वास पाहिलाच नाही. त्या मशीनकडे बघत होत्या.

"दत्ता," त्या लेकाच्या कानाशी लागल्या, "ह्ये तर सोनोग्राफीचं मशीन!"

आता इथे सांगायला हवं की हे कुटुंब पुण्यात चार ठिकाणी तोंड घालून आलं होतं. सगळीकडे भिंतीवर पाटी, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही', आणि पाटीखाली बसलेल्या डॉक्टरचा तोच जबाब. चौकशी सगळी नम्रताच्या माघारी. एका ठिकाणी तर दत्तप्रसादला दारातूनच हाकललं होतं. हे मशीन मात्र नसा शोधायचं, आयसीयूतलं. इथे गर्भारणी येत नाहीत, त्यामुळे कुणाचं लक्ष नाही. आणि जागा? जागा आपल्याच बापाची.

दत्तप्रसादने आधी कल्याणी मॅडमनाच गाठलं. जिन्यात.

"मॅडम, एक छोटं काम होतं. मिसेस प्रेग्नंट आहे. तुमचं मशीन आहेच ना इथे, तर जस्ट दोन मिनिटं…"

"बाळाच्या बरगड्या मोडल्यात का?"

"नाही, म्हणजे… तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय."

"कळतंय. म्हणूनच तुम्ही अजून जिन्यात उभे आहात आणि मी पोलिसांना फोन केलेला नाही. वडिलांना बरं करायचंय ना? मग आत जाऊन त्यांना खोकायला सांगा. परत हा शब्द काढलात तर फोन करायला मी जिना उतरेपर्यंतही थांबणार नाही."

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. दत्तप्रसादला फक्त एवढं कळलं की ही बाई कामाची नाही. तो सरळ डॉक्टर आमोदच्या खोलीत गेला, दार लावलं, आणि चहा येईपर्यंत भाडेकराराच्या गप्पा मारल्या. करार संपत आला होता. आमोदने कपाळावरचा घाम पुसला. बाकी काय बोलणं झालं ते त्या दोघांना माहीत. बाहेर येताना दत्तप्रसाद मात्र हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांना कूस बदलून पुसताना पाठीतली नळी निसटली. कुणाची चूक म्हणावी अशीही नव्हती, असं होतं कधी कधी. पण औषध थांबलं आणि दुखण्याने दात दाखवले. आबांचा श्वास पुन्हा तोकडा झाला. बोट-दोन बोटं छाती हलायची आणि कळ आली की अडकायची. ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. नर्सने कल्याणी मॅडमना फोन केला. त्या वाटेत होत्या, सिंहगड रस्त्याच्या गर्दीत.

नम्रता बाहेर बसली होती. कालपासून ती धड जेवली नव्हती. दत्तप्रसाद आला आणि कधी नव्हे ते मायेने म्हणाला, "तू किती धावपळ करतेयस गं. डॉक्टर आमोद म्हणाले, बाळाचे ठोके बघून घेऊ. टेन्शन नको."

"आत्ता? आबांना एवढा त्रास होतोय…"

"मॅडम येईपर्यंत वेळ आहे. चल."

आयसीयूला लागून ड्रेसिंगची एक खोली होती. मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. नम्रता टेबलावर पडली. यमुनाबाई आधीच कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, देवळात बसावं तशा. आमोद म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबा," आणि मशीनचा गाडा पुढे ओढला. काल आबांच्या पाठीशी असलेलं तेच मशीन. त्यांनी चपट्या तोंडाचा प्रोब काढला आणि ड्रॉवरमधून गोलसर, रुंद तोंडाचा प्रोब काढून जोडला.

तो प्रोब नम्रताने ओळखला. मुक्ताईच्या वेळी प्रत्येक सोनोग्राफीला तोच पोटावरून फिरला होता. पण तेव्हा तिचं नाव-गाव लिहून घेत, सही घेत, नर्स शेजारी उभी असे. आज काहीच नाही. आणि ठोके बघायला सासूबाई कशाला?

तिने साडी खाली ओढली आणि उठून बसली.

"काय बघणार आहात, डॉक्टर?"

"ठोके… जनरल. पडा ना, दोनच मिनिटं."

"मग नर्सना आत बोलवा."

आमोदनी दत्तप्रसादकडे पाहिलं. दत्तप्रसादने आईकडे. यमुनाबाई उठल्या.

"नाटकं करू नगंस. पड गुमान. कळलं म्हंजी जीवाला घोर ऱ्हात न्हाई. पोरगा आसंल तर पेढं वाटू."

"आणि पोरगी असेल तर?"

तेवढ्यात पार्टिशनपलीकडून आबांचं कण्हणं ऐकू आलं, तोकडं, मधेच तुटलेलं. नम्रता टेबलावरून उतरली.

"मशीन आधी आबांकडे न्या. मॅडम येतीलच."

"आधी तू पड," यमुनाबाई म्हणाल्या. "तुझं झालं की लगीच न्हेतील. तकडं माझा मालक तडफडतोय, आन् तू हिथं हट्ट धरून बसलीस! त्येंना कायबाय झालं तर तुझ्यामुळं, ध्यानात ठेव."

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. नवरा शेजारच्या खोलीत गुदमरतोय, त्याचं औषध ज्या मशीनच्या डोळ्याने पोचायचं ते मशीन बाईने स्वतः अडवून धरलंय, आणि दोष सुनेचा. यमुनाबाई दुष्ट होत्या म्हणावं तर काल रात्रभर त्यांनी नवऱ्यासाठी पाणीही घेतलं नव्हतं. मुलग्याचं हे वेड एकदा डोक्यात बसलं की आपलं माणूससुद्धा दिसेनासं होतं.

दत्तप्रसाद समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, ही आबांचीच इच्छा आहे."

"खोटं! आबा असं कधी म्हणणार नाहीत."

"जाऊन विचार."

नम्रता तडक आयसीयूत गेली. आबांचं तोंड घामाने डबडबलं होतं. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि वाकून विचारलं. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका गोष्टीची तिला खात्री होती: आबा आत्ता दुखणं विसरून सगळ्यांवर खेकसतील. शिकल्याली पोर हाय, करू दे तिला.

आबांनी डोळे उघडले.

"बघून… घे की… पोरी," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला थांबत, कळ सोसत. "माझं… एवढं ऐक. नातवाचं… तोंड बघून… मरू दे."

"आणि नात असेल तर, आबा? दुसरी मुक्ताई असेल तर?"

आबांनी डोळे मिटून घेतले. ते दुखण्याने मिटले की उत्तर टाळायला मिटले, हे तिला कळलं नाही. ज्याच्या भरवशावर ती त्या घरात राहिली होती, वेण्या घालणारा, खांद्यावर बसवणारा तो माणूस, त्याचं प्रेम खरं होतं. आणि तरीही त्याला दुसरी नको होती.

तेवढ्यात कल्याणी मॅडम धापा टाकत आत आल्या. आबांकडे एक नजर टाकली. "मशीन कुठाय?"

"ड्रेसिंग रूममध्ये," आमोद मागून म्हणाले. "पाच मिनिटं मॅडम, जरा एक काम…"

"कसलं काम? यांचे ओठ निळे पडायला लागलेत!"

आमोद जमिनीकडे बघू लागले. नर्स भिंतीकडे. आयसीयूत आणखी दोन पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते, सगळे ऐकत होते. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आता टांगली नाहीत तर पोटातल्या जिवाला उद्या पुण्याबाहेर कुठेतरी, अशाच एखाद्या टेबलावर नेतील, हेही तिला कळत होतं.

"माझ्या पोटात मुलगा आहे की मुलगी ते बघायला मशीन अडवून ठेवलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी नाही म्हटलं. म्हणून ते आबांकडे येत नाहीये."

मग कल्याणी मॅडम ड्रेसिंगच्या खोलीत शिरल्या. दारात यमुनाबाई होत्या. त्यांना "बाजूला व्हा" एवढंच म्हणाल्या, आणि गाडा स्वतः ढकलत बाहेर आणला. गोल प्रोब उपटून काढला, चपटा जोडला. हात धुतले. हातमोजे चढवताना विचारलं, "धरायला कोण आहे?"

दत्तप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. यमुनाबाई रडत होत्या. नम्रता पुढे झाली.

तिने आबांना बसतं केलं, पुढे वाकवलं आणि त्यांचं डोकं पुन्हा खांद्यावर घेतलं. वाकायला तिचं पोट आड येत होतं. आबांच्या छातीला ते लागत होतं, आणि त्यांनाही ते कळत असणार. तिला एकदा वाटलं, सोडून द्यावं आणि निघून जावं. मग वाटलं, असं कसं सोडून द्यायचं? माणूस गुदमरतोय. ती घट्ट उभी राहिली. पडद्यावर स्नायू दिसला, हाड दिसलं, सरकणारी ती चकचकीत रेघ दिसली. आबा कळ येऊन हलले तशी सुई भलतीकडे वळली. "हलू देऊ नका!" मॅडम ओरडल्या. नम्रताने त्यांच्या पाठीमागे हात बांधले आणि कानाशी म्हणाली, "आबा, थोडंच राहिलंय. माझ्याबरोबर श्वास घ्या." सुई हाडाला टेकली. औषध पसरलं. या वेळी मॅडमनी नळी टाका घालून बांधली आणि वर दुहेरी पट्टी चिकटवली.

हळूहळू आकडा चढला. आबा खोकले, कफ पडला, ओठांचा रंग परतला. त्यांनी नम्रताच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "तक्रार मी करणारच आहे. कायद्याने मला करावीच लागेल, आणि नसती लागली तरी केली असती. तुमचं नाव घालायचं का, एवढं सांगा. पण आधी एक ऐका. ते लोक येतील आणि मशीन सील करून जातील. त्यांनी तसंच करायला हवं. पण मग ही नळी परत निसटली तर माझ्या हातात काही नाही. तुमचे सासरे व्हेंटिलेटरवर जातील."

"दुसरीकडून मशीन आणता नाही येत?"

"कायद्याने हे मशीन असं एका जागेवरून दुसरीकडे नेता येत नाही. का येत नाही, ते आज तुम्ही पाहिलंत. नस शोधायला बाहेर निघालेलं मशीन वाटेत कुणाकुणाच्या घरी थांबेल, काय सांगावं?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आत शेवटच्या कॉटवर जो मुलगा आहे ना, त्याचा खांदा चिरडलाय. उद्या त्याला ब्लॉक द्यायचा होता, अशीच नस शोधून हात बधिर करायचा. आता त्यालाही दिवस ओरडत काढावे लागतील. त्याचा यात काय दोष?"

आत आबा खोकत होते. तो खोकला तिला बरा वाटत होता. बरा वाटत होता याचाही तिला राग येत होता. मग ती म्हणाली, "पहिलं नाव माझंच घाला."

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली. मशीनवर कापड बांधलं, गाठीवर लाखेचं सील लावलं. बातमी टँकरच्या आधी आळीत पोचली. नम्रताने जबाब दिला, मॅडमनी दिला, नर्सनेही दिला. आमोद म्हणाले, फक्त ठोके बघायचे होते. दत्तप्रसाद म्हणाला, बायको टेन्शनमध्ये आहे. मग पथकातल्या डॉक्टरबाई आबांच्या कॉटशी आल्या. आबा उशीला टेकून बसले होते. नळी जागेवर होती.

"आजोबा, तुम्ही सुनेला काही म्हणाला होतात का? पोटातलं बघून घे, असं?"

आबांनी यमुनाबाईंकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि शेवटी नम्रताकडे. नम्रताने नजर हलवली नाही. म्हणा आबा, एकदा खरं म्हणा, मी सगळं विसरते, असं तिचं आतून चाललं होतं. आबांनी श्वास घेतला. पूर्ण, छाती भरून.

"न्हाई बाई, आसलं कायबी झालं न्हाई, आमच्या घरात पोरगा-पोरगी आसं कवा केलंच न्हाई, पोटुशी बाई हाय, मनात काहीबाही येतं तिच्या, तुमी काय मनावर घिऊ नका."

एका दमात म्हणाले. मधे कुठे थांबावं लागलं नाही.

नम्रता जवळ गेली, त्यांची चादर नीट केली. "काल एवढं बोलायला तुम्हाला किती थांबावं लागत होतं, आबा," ती म्हणाली. "बरं झालं, औषध लागू पडलं." आणि बालवाडी सुटायची वेळ झाली होती म्हणून मुक्ताईला आणायला निघून गेली. तिथून ती धायरीच्या घरी गेली नाही. वाघोलीला आईकडे गेली.

नळी निसटली नाही. आबा व्हेंटिलेटरवर गेले नाहीत. काही दिवसांनी चालत घरी आले. आळीने ओवाळलं, टाळ्या वाजवल्या. आणि त्याच आळीने ठरवलं की सून फार शिकलेली असली की असं होतं, चांगल्या हॉस्पिटलला बट्टा लावला, म्हाताऱ्याच्या जिवावर उठली. खांदा चिरडलेल्या त्या मुलाचे आई-वडीलही तिलाच बोलले. मशीन अडवणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. दत्तप्रसाद वाघोलीला येऊन गेला, "केस मागे घे, मग बोलू," म्हणाला. नम्रता म्हणाली, "मग बोलायलाच नको." केस चालू आहे. तारखेला ती पोटाचा घेर सावरत रिक्षाने जायची, आणि कल्याणी मॅडम ऑपरेशनं पुढे ढकलून यायच्या.

बाळंतपण वाघोलीलाच झालं. दोघंही सुखरूप. घरी आल्यावर आबांचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"पोरी, बरी हायस न्हवं?"

"बरी आहे, आबा. तुमची छाती?"

"ठणठणीत. परवा धारेश्वराच्या देवळात पायी जाऊन आलो. मुक्ताई आठवण काढती का?"

"रोज काढते. वेणी मलाच घालायला लागते आता, आणि तुमच्यासारखी येत नाही म्हणून रडते."

आबा गलबलले. मग आवाज बारीक करून, शेजारी कुणीतरी ऐकत उभं असावं तसं, म्हणाले, "आन्… काय हाय? पोरगा का पोरगी?"

नम्रताने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. बाळ झोपेत ओठ हलवत होतं.

"आबा, पथकातल्या त्या डॉक्टरबाईंकडे जा आणि खरं काय झालं ते सांगा. सांगून या, मी स्वतः बाळ तुमच्या मांडीवर देईन. तोवर हे तुम्हाला माझ्याकडून कळणार नाही."

आबांनी उत्तर दिलं नाही. फोनही ठेवला नाही. नम्रतानेही ठेवला नाही. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, भरलेला, कुठेही न अडखळणारा.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऐकून लोक हळहळतात. यमुनाबाईंना नावं ठेवतात, दत्तप्रसादला शिव्या घालतात, नम्रताचं कौतुक करतात, काय बाई आहे म्हणतात. आणि उठता उठता, चपला घालताना, हळूच विचारतात, "पण शेवटी काय झालं हो तिला? मुलगा की मुलगी?"

मला माहीत आहे. मी सांगणार नाही.